मामा 'सुटले' नाहीत: निर्दोष, दोषमुक्त, सुटका, कुठला शब्द वापरायचा?

मलप्रभाकाठ, खानापूर:

माझे थोरले मामा खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत रोखपाल होते. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या हिशेबात तूट निघाली. आधी संस्थेचं पत्र आलं, 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' मामांनी दोन फुलस्केप पानं भरून खुलासा दिला. पंधरवड्यात पोलिसांत फिर्याद गेली. भारतीय दंड संहितेचं कलम ४०८ आणि ४२०, म्हणजे नोकराने केलेला अपहार आणि फसवणूक. नऊ दिवस कोठडी, मग जामीन, मग तारखा. पहाटेची बस धरून कोर्टात जायचं आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायचं. या अकरा वर्षांत आजी गेली, मामांची नोकरी गेली, धाकट्या मामेबहिणीचं लग्न दोनदा ठरून मोडलं.

गेल्या महिन्यात निकाल लागला. ज्या व्हाउचरांवर सगळा खटला उभा होता त्यांवरच्या सह्या मामांच्या नाहीत असं हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं होतं, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. आम्ही बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात, म्हणून निकाल कन्नडमध्ये आहे. मामेभावाने नक्कल काढून आणली आणि शेवटच्या पानावरचा शब्द अडखळत वाचला, 'खुलासे'. मामी उंबऱ्यावरच मटकन बसली. म्हणाली, "आता आणि कसला खुलासा मागतायत?"

कन्नड न येणाऱ्यांसाठी सांगतो, कन्नडमध्ये खटल्यातून खुलासे होणं म्हणजे आरोपातून मोकळं होणं. मामीला हे पटेपर्यंत पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

पण मी लिहायला बसलोय ते त्याच्यानंतरच्या गोष्टीसाठी. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी आल्या, 'अपहार प्रकरणातून रोखपालाची सुटका'. आणि गावात चावडीपासून दूध डेअरीपर्यंत एकच वाक्य, "सुटला बघ शेवटी."

बैल दाव्यातून सुटतो. मासा गळातून सुटतो. चोर हातातून सुटतो. 'सुटला' म्हटलं की धरलं होतं ते बरोबरच होतं, फक्त पकड ढिली पडली, असं ऐकणाऱ्याच्या मनात आपसूक बसतं. मामेबहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी परवा चहा घेताना विचारलं, "तुमचे वडील त्या केसमधनं सुटले ना?" चांगल्या मनानेच विचारलं त्यांनी. मामा काही न बोलता उठले आणि परड्यात जाऊन उभे राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोर्टाने मोकळं केलेल्या माणसाला मराठीत 'निर्दोष ठरला' असंच म्हणायला हवं. पेपरांनी तसं छापावं, आपण तसं बोलावं. 'सुटला', 'सुटका' हे शब्द तुरुंगाच्या दारापुरते ठेवावेत. तुम्हाला काय वाटतं?

वकील, टिळकवाडी:

तुमच्या मामांबद्दल वाईट वाटलं, आणि निकालाबद्दल आनंद झाला. 'सुटला' या शब्दावरचा तुमचा राग मला मान्य आहे. पण त्याच्या जागी तुम्ही जो शब्द आणताय तो मला मान्य नाही.

फौजदारी कोर्ट कुणाला 'निर्दोष' ठरवायला बसलेलं नसतं. त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो, सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का? नसेल केला तर आरोपी मोकळा. तो त्या रात्री नक्की कुठे होता, त्याने केलं की नाही, याचं अंतिम उत्तर निकालात असेलच असं नाही. म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (२०२४ मध्ये तिच्या जागी नवी संहिता आली) मराठी पाठात शब्द होता 'दोषमुक्ती'. आणि आरोप निश्चित होण्याआधीच सोडलं, ज्याला आपण कोर्टात डिस्चार्ज म्हणतो, त्याला 'विनादोषारोप सोडणे'. हे दोन शब्द वेगळे का? कारण परिणाम वेगळे आहेत. डिस्चार्ज झालेल्या माणसावर नवा पुरावा आला तर पुन्हा खटला उभा राहू शकतो. दोषमुक्त झालेल्यावर त्या संहितेच्या कलम ३०० प्रमाणे त्याच गुन्ह्यासाठी दुसरा खटला चालत नाही, फक्त अपील होऊ शकतं. पेपरवाले दोन्हीला 'निर्दोष मुक्तता' छापतात आणि पक्षकार माझ्याकडे येऊन विचारतात, मग परत समन्स कसं आलं?

सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा एक निकाल आहे, पोलीस उपमहानिरीक्षक विरुद्ध एस. समुतिरम. एका पोलिसाची नोकरी परत मिळण्याचा वाद होता. साक्षीदार उलटल्यामुळे तो खटल्यातून मोकळा झाला होता. तिथे कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की 'सन्मानाने मुक्तता', 'दोषातून मुक्त', 'पूर्णपणे निष्कलंक' अशा अर्थाच्या शब्दरचना दंड संहितेतही नाहीत आणि प्रक्रिया संहितेतही नाहीत, त्या न्यायालयांच्या निकालांतून घडत आल्यात. आणि त्या माणसाला नोकरी परत मिळाली नाही. कायद्याने जो शिक्का बनवलेलाच नाही तो आपण मराठीत बनवून प्रत्येकाच्या कपाळावर मारू नये.

सुंठ_गूळ:

वकीलसाहेब, तुम्ही कोर्टातलं बोलताय, ते गावातलं बोलतायत. पाहुण्यांपुढे 'विनादोषारोप' म्हणून बघा की एकदा.

शहापूरची सून:

मला इथे लिहायचं नव्हतं. पण 'निर्दोष ठरला असंच म्हणा' हे वाचून राहवलं नाही.

माझी चुलत बहीण एका कारखान्यात कामाला होती. तिथल्या मुकादमाने तिला जो त्रास दिला तो मी इथे सांगणार नाही. तिने फिर्याद दिली. घरच्यांनी अडवलं तरी दिली. खटला उभा राहिला तेव्हा तिच्याबरोबर काम करणाऱ्या तिघी साक्षीला होत्या. तिघीही कोर्टात "आम्ही काही बघितलं नाही" म्हणाल्या. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची चूल त्याच कारखान्यावर पेटत होती. तो मोकळा झाला. आणि दोन दिवसांनी गल्लीच्या कोपऱ्यावर फलक लागला, त्याचा मोठा फोटो, वर लिहिलेलं, 'निर्दोष मुक्तता झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

बहीण त्या कोपऱ्यावरून रोज बस धरायची. त्या फलकावर तिचं नाव नव्हतं. पण 'निर्दोष' या शब्दाचा उरलेला अर्धा अर्थ सगळ्या गल्लीने वाचला, की मग खोटी ती. दोन महिने ती लांबच्या स्टॉपवर चालत गेली.

दादा, तुमच्या मामांनी काही केलं नव्हतं, हे मी मनापासून मानते. पण तुम्ही जो नियम मागताय तो तुमच्या मामांपुरता राहणार नाही. तो त्या मुकादमालाही लागू होणार. 'सुटला' हा शब्द माझ्या बहिणीकडे उरलेली एकच गोष्ट आहे. तो काढून घेऊ नका.

मलप्रभाकाठ, खानापूर:

ताई, तुमचं दोनदा वाचलं. लगेच उत्तर सुचत नाहीये. फलकाचं वाचून अंगावर काटा आला. पण तुमच्या बहिणीकडे उरलेला शब्द आमच्या मामांच्या गळ्यातला धोंडा आहे, याचं मी काय करू? दोन माणसं, दोन खटले आणि एकच शब्द दोघांना.

कडोलीचे गुरुजी:

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून शब्दांच्या बाजूने थोडं लिहितो.

कुणावर दोष टाकायचा झाला तर मराठीत शब्दांची चणचण नाही. आळ, आरोप, तोहमत, बालंट, किटाळ, ठपका, कलंक, बोल. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आळ बहुतेक खोटाच असतो, म्हणून 'आळ घेतला' म्हणताच बोलणारा कुणाच्या बाजूचा ते कळतं. किटाळ म्हणजे मुळात उडालेली ठिणगी, ती कुणाच्या गंजीवर पडेल त्याचा नेम नाही. बालंट अंगावर येतं. ठपका कागदावर ठेवला जातो. आता उलट बाजू बघा. आळ येतो, पण जाताना त्याला क्रियापद सापडत नाही. ठपका ठेवतात, पण 'ठपका उचलला' असं मी आजवर ऐकलं नाही. किटाळ टळतं, म्हणजे लागण्याआधीच गेलं तर. लागल्यावर काय? कलंक तेवढा पुसतो किंवा धुतला जातो, आणि पुसलेल्याची खूण राहते हे भांडी घासणाऱ्या बाईला विचारा. इंग्रजीत एक्झोनरेट म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ओझं हा अर्थ आहे. पाठीवरचं ओझं उतरवलं. ओझं उतरवलं की माणूस ताठ उभा राहतो, डाग पुसला की तो आरशात बघत बसतो. आपण डागाची भाषा घेतली, म्हणून आपल्याकडे निर्दोष माणूसही अंग चोरून चालतो.

पण मराठीत एक जुनी रीत होती. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे वाद गोतापुढे, मजलशीपुढे चालत. साक्षीपुराव्याने निवाडा होईना तर दिव्य करीत. रवा-दिव्यात कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून त्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमक्ष सोडून बघायचं. हाताला इजा नसली तर कागदात लिहीत, 'खरा झाला'. दिव्याची रीत क्रूर होती, ती गेली हे उत्तम झालं. मला त्यातला शब्द हवाय. 'सुटला' नाही, 'निर्दोष' नाही, 'खरा झाला'.

आणि त्याहून महत्त्वाचा एक कागद असे, येजितखत. हरलेल्या पक्षाने स्वतःच्या हाताने जिंकणाऱ्याला लिहून द्यायचं की माझा दावा खोटा झाला, इथून पुढे मी तुझ्याशी कथळा करणार नाही. जिंकणाऱ्याला निवाडा तर मिळेच, वर ज्याने बोट दाखवलं त्याच्या हातचं लेखी मिळे. मलप्रभाकाठ, तुमच्या मामांना कोर्टाकडून कागद मिळालाय. संस्थेकडून काय मिळालं?

जाता जाता, तुमच्या मामीला फसवणारा 'खुलासा' मूळचा अरबी, फारसीतून आपल्या दोन्ही भाषांत उतरलेला. त्याच्या धातूत शुद्ध होणं, मोकळं होणं असा अर्थ आहे. 'खलास' आणि संस्थान 'खालसा' करणं, हे शब्दही त्याच घरचे. म्हणजे मोकळं होण्याचा अर्थ कन्नडने जपला आणि आपण सरकारी नोटिशीत घालवला. या बाबतीत शेजाऱ्याचा शब्द आपल्यापेक्षा चांगला आहे, हे मी मराठीचा मास्तर असून म्हणतो.

येळ्ळूरचा गडी:

गुरुजी, नमस्कार. आमची गोष्ट निराळी हाय, म्हणून लिवतो.

२०१४ च्या जुलैत आमच्या गावातला 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' फलक काढला ते सगळ्यांना ठाऊक हाय. त्याच्या आधी आणि नंतर किती पोरांवर केसी पडल्या ते बी ठाऊक हाय. माझ्यावर पडली ती एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललो म्हणून. १९५६ ला ह्याच तारखेला आमाला म्हैसूर राज्यात घातलं, तवापासून आजा चालला, बा चालला, मी चाललो. कोर्टात चार वर्षं गेली आणि सोडलं. नातेवाईक म्हणाले, निर्दोष सुटला, पेढे वाट.

मी म्हणालो, निर्दोष म्हणू नका. निर्दोष म्हणजे मी काय केलंच नव्हतं असं होतंय. मी फेरीत होतो की. छाती पुढं काढून होतो. केलं ते केलं, तो गुन्हा नव्हता, एवढंच माझं म्हणणं. फौजदाराला सापडलं नाही म्हणून मी सुटलो असं बी नाही आणि मी त्या दिवशी घरात झोपलो होतो असं बी नाही. ह्याला शब्द कुठला ते सांगा की कुणीतरी.

वकील, टिळकवाडी:

येळ्ळूरकर, तुमचा प्रश्न खरा आहे आणि अवघड आहे. 'कृत्य केलं, पण तो अपराध नाही' आणि 'कृत्यच केलं नाही' या दोन्हींना निकालाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द असतो. आंदोलनातले खटले सरकार जुन्या संहितेच्या कलम ३२१ खाली मागे घ्यायचं तेव्हा आणखी गुंता व्हायचा. आरोप निश्चित होण्याआधी मागे घेतला तर डिस्चार्ज, नंतर घेतला तर दोषमुक्ती. म्हणजे पुराव्याचा एक कागद न तपासताही माणूस दोषमुक्त होऊ शकतो. त्याला कुणी 'निर्दोष सिद्ध झाला' म्हटलं तर ते खोटं आहे, कारण सिद्ध काहीच झालेलं नाही.

निपाणीकर:

आमच्याकडे तर कोर्टापर्यंत न जाताच गोंधळ आहे. माझ्या भावावर शेताच्या बांधावरून खोटी तक्रार झाली होती. तपास करून पोलिसांनी बी रिपोर्ट टाकला, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करायचा अहवाल. इथे सगळे म्हणाले, "बी रिपोर्ट पडला, विषय मिटला." बहीण कागलला दिलीय, तिच्या सासरी सांगितलं तर ते विचारतात, "बी समरी का? म्हणजे तक्रार खोटी निघाली ना? का सी?" महाराष्ट्रात या अहवालाला समरी म्हणतात, त्या ए, बी, सी अशा असतात आणि बी म्हणजे तक्रारच खोटी. आपल्याकडे पुरावा पुरला नाही तरी बी रिपोर्टच आणि तक्रार खोटी निघाली तरी बी रिपोर्टच. दूधगंगा ओलांडली की भाऊ किती निर्दोष ते बदलतं. मी 'निर्दोष'च्या बाजूचा आहे. सामान्य माणसाला एकच ठसठशीत शब्द द्या.

रात्रपाळी:

मी इथल्या एका दैनिकात बातम्या बघायचं काम करतो. आमच्यावर सगळ्यांचा राग आहे आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे, म्हणून आत काय होतं ते सांगतो.

अटकेची बातमी पोलिसांच्या पत्रकातून येते. नाव, गाव, वय, कलमं, रक्कम, सगळं टाइप केलेलं, अनेकदा फोटोसकट. निकालाची बातमी तशी येत नाही. कुणीतरी वकील फोनवर सांगतो, "आमचा माणूस सुटला, टाका जरा." निकाल कन्नडमध्ये, तीस-चाळीस पानांचा. संध्याकाळी सात वाजता तो कुणी वाचत नाही. मग आम्ही ठरलेलं वाक्य घालतो, 'सबळ पुराव्याअभावी न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली.' या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडतात, हे मला आज हा धागा वाचताना पहिल्यांदा दिसलं. 'पुराव्याअभावी' म्हणतं की केलं असेल, सापडलं नाही. 'निर्दोष' म्हणतं की केलंच नाही. आम्ही दोन्ही एका श्वासात छापतो आणि वाचणारा त्याला हवा तो तुकडा उचलतो.

'क्लीन चिट' तर मी माझ्या टेबलावरून हद्दपार केलाय. चिठ्ठीवरून साहेबाने चिट केला, नोकर सोडून जाताना त्याच्या हातावर ठेवायचा तो कागद. चौकशी समितीचा अहवाल म्हणजे साहेबाची चिठ्ठी नव्हे.

माझं मत विचाराल तर 'सुटला' की 'निर्दोष' हा वादच चुकीच्या जागी चाललाय. विशेषण सोडा, कारण छापा. 'व्हाउचरांवरच्या सह्या रोखपालाच्या नसल्याचे न्यायालयाने मान्य केले.' या वाक्यात एकही मोठा शब्द नाही. पण हे छापलं असतं तर त्या पाहुण्यांनी तसं विचारलं नसतं. आणि शहापूरच्या ताईंच्या बाबतीत, 'तिन्ही साक्षीदारांनी साक्ष फिरवल्याने आरोप सिद्ध झाला नाही.' त्यानंतर कोपऱ्यावर कितीही मोठा फलक लावू दे.

शहापूरची सून:

हे मला चालेल. मनापासून चालेल. आमच्या बातमीत साक्षीदारांबद्दल एक अक्षर नव्हतं.

सुंठ_गूळ:

कारण छापा म्हणणं सोपं आहे. लोक बातमी वाचत नाहीत, मथळा वाचतात. मथळ्यात काय घालणार? 'सह्या त्याच्या नव्हत्या' एवढं मावेल?

रात्रपाळी:

मावेल. 'सुटका'ला जेवढी जागा लागते त्याच्या तिप्पट लागेल, पण मावेल. अटकेला आम्ही दोन कॉलम देतो, निकालाला द्यायला काय हरकत आहे?

निपाणीकर:

मला अजून पटलेलं नाही. साध्या माणसाचं लग्न जमवताना निकालातलं कारण कोण समजावत बसणार? कायदा म्हणतो ना, सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष. मग सिद्ध झालं नाही तर तो निर्दोषच राहिला की. त्याला 'दोषमुक्त' म्हणणं म्हणजे आधी दोष होता आणि मग काढला असं होतं. रोगमुक्त कोण? ज्याला रोग झाला होता तो.

वकील, टिळकवाडी:

निपाणीकर, हा मुद्दा मी सहज उडवून लावू शकत नाही, आणि उडवणं अप्रामाणिक होईल. उलट तुमच्या बाजूचा आणखी एक निकाल मीच देतो, तोही आपल्याच राज्यातला. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य, २००७. सर्वोच्च न्यायालय म्हणतं, दोषमुक्त झालेल्या माणसाच्या बाजूने गृहीतक दुहेरी होतं. निर्दोष तो पहिल्यापासून मानलेला असतोच, आणि खालच्या कोर्टाने सोडल्यावर ते गृहीतक आणखी पक्कं होतं. तेव्हा कायद्याच्या नजरेत मलप्रभाकाठांचे मामा आज निर्दोष आहेत, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप 'ठरला' या क्रियापदाला आहे. निर्दोष 'आहे' म्हणा, होता आणि आहे. 'ठरला' म्हटलं की कुणीतरी ते ठरवायला बसलं होतं असं होतं.

गुरुजींच्या येजितखताबद्दल. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम २५० असं होतं की आरोप वाजवी कारणाशिवाय केला असं दिसलं तर न्यायदंडाधिकारी फिर्याद देणाऱ्यालाच विचारू शकत, 'तू भरपाई का देऊ नये?' म्हणजे खुलासा मागायचा तो फिर्याद देणाऱ्याकडे. पण ही विचारणा निकालाच्या आदेशातच करावी लागते, त्यामुळे मामांसाठी ती वाट आता राहिली नाही. दुसरी वाट दिवाणी दाव्याची, द्वेषाने खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईची. त्याला मुदत दोषमुक्तीच्या तारखेपासून एक वर्ष. एक महिना गेलाय. सह्या दुसऱ्याच्या होत्या एवढ्याने दावा जिंकता येत नाही. संस्थेकडे वाजवी कारण नव्हतं आणि मनात आकस होता, हे दोन्ही तुम्हाला सिद्ध करावं लागेल. तेव्हा पुराव्याचं ओझं तुमच्या बाजूला येईल, आणि उद्या तुमचा दावा फेटाळला तर संस्थेचे लोक म्हणतील 'आम्ही निर्दोष'. हे आधीच सांगून ठेवतो.

कडोलीचे गुरुजी:

वकीलसाहेबांचं 'ठरला' विषयीचं म्हणणं एक मास्तर म्हणून मान्य. तरी 'खरा झाला' मी सोडत नाही.

आणि रात्रपाळींचं ऐकून एक आठवलं. चवथीचा चंद्र बघितला की खोटा आळ येतो, हे आपण पोराबाळांना सांगतो. पण गोष्टीचा शेवट सांगायचं राहून जातं. स्यमंतक मणी चोरल्याचा आळ कृष्णावर आला. मण्याच्या शोधात तो जांबवंताच्या गुहेत गेला. भागवतात अठ्ठावीस दिवस झुंज आहे. मणी घेऊन परत आला तेव्हा त्याने 'मी निर्दोष' अशी दवंडी पिटली नाही. मण्याचा धनी आणि आळ घेणारा सत्राजित, त्याला राजसभेत बोलावलं, सगळ्यांसमोर मणी कसा मिळाला ते सांगितलं आणि मणी त्याच्या हातात दिला. सत्राजिताची मान खाली गेली. सभेत, सगळ्यांदेखत आणि आळ घेणाऱ्याच्या समोर. या तिन्ही गोष्टी तुमच्या मामांच्या बाबतीत व्हायच्या राहिल्यात.

येळ्ळूरचा गडी:

गुरुजी, माझ्या प्रश्नाला अजून शब्द मिळाला नाही.

कडोलीचे गुरुजी:

नाही मिळाला. 'गुन्हा नव्हता' हे दोन शब्द तुम्हीच वर वापरलेत, मला त्याहून चांगले सुचत नाहीत.

मलप्रभाकाठ, खानापूर:

सगळ्यांचं रात्री मामांना वाचून दाखवलं. मामी पण ऐकत बसली होती. मी सुरुवातीला म्हणालो होतो की प्रत्येकाला 'निर्दोष ठरला'च म्हणायचं. शहापूरच्या ताईंसाठी तो हट्ट मी मागे घेतो. मामांसाठी घेणार नाही.

दाव्याचं मामांना विचारलं. ते म्हणाले, "परत तारखा नकोत." मी फार ओढून धरलं नाही. पण सत्राजिताची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी स्वतःहून एक सांगितलं, जे अकरा वर्षांत बोलले नव्हते. म्हणाले, संस्थेची वार्षिक सभा असते, मी अजून सभासद आहे, माझा शेअर काढलेला नाही. तिथे उभं राहून निकालातलं ते पान वाचता येईल का? मराठीत, कारण सभासद सगळे मराठी आहेत.

वकीलसाहेब, सभासद म्हणून तसं करता येतं का?

वकील, टिळकवाडी:

सभासदाला सभेत बोलायचा हक्क आहे. आयत्या वेळी अध्यक्षांनी अडवू नये म्हणून आधी लेखी कळवा, विषयपत्रिकेत घ्या म्हणून अर्ज द्या आणि पोच घ्या. निकालाची नक्कल मला पाठवा, लागतील त्या पानांचं मराठी मी स्वतः करून देतो, पैसे घेणार नाही. 'खुलासे'च्या जागी मात्र मी 'दोषमुक्त' लिहिणार, 'निर्दोष' नाही.

मलप्रभाकाठ, खानापूर:

लिहा. नक्कल उद्या सकाळच्या बसने घेऊन येतो. सह्यांचं वाक्य जसंच्या तसं असू दे.